शाफ्टवर अडकलेली कडी

आमचं थ्रेशर गव्हाच्या ऐन मळणीत बंद पडलं. बेअरिंग फुटलं होतं. गोळ्या भुशात सांडल्या, बाहेरची कडी हातात आली, पण आतली कडी शाफ्टला चिकटून बसली. तापून निळी पडली होती.

थोरल्या भावानं घण उचलला.

मागच्या हंगामात याच थ्रेशरनं त्याच्या डाव्या हाताची तीन बोटं ओढून नेली होती. पेंढी लोटता लोटता. तेव्हा तो ओरडलाही नव्हता. हात फडक्यात गुंडाळून स्वतः चालत ट्रॅक्टरपाशी आला होता. नंतर त्या दिवसाबद्दल घरात कोणी बोललं नाही. तोही नाही.

मी म्हणालो, "दादा, लोणखेडाथून पुलर लई येस. ओढीसन निंघी जाई."

"नही," तो म्हणाला. "सरक."

पहिल्या घावाला कडी हलली नाही. दुसऱ्यालाही नाही. मग त्यानं नेम धरणं सोडलं. घण कडीवर पडे, शाफ्टवर पडे, पत्र्यावर पडे. पत्रा आत चेपला. शाफ्टचं टोक फुलून आलं. दात आवळून तो बडवत होता, आणि मला कळत होतं की तो कडी काढत नाहीये.

"दादा, शाफ्ट वाया जाई."

"मन्हा बोटं खाई गयं हाई," तो म्हणाला. "आते मन्ही बारी शे."

पुढच्या घावाला कडीचा टवका उडाला आणि माझ्या भुवईत घुसला. डोळ्यावर गरम रक्त उतरलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा घण उचलला.

मी मागून त्याला मिठी मारली. त्याचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. तरी मी सोडलं नाही. आम्ही दोघंही भुशात पडलो, त्यानं माझा गळा धरला. उजव्या हाताची पकड मजबूत होती. डाव्या हाताची उरलेली दोन बोटं मात्र मानेवरून सारखी घसरत होती. ती घसरतात हे त्याच्या लक्षात आलं, तसा तो थांबला. बाजूला सरकून बसला आणि धापा टाकू लागला.

वहिनी पाणी घेऊन धावत आली. तिनं पदरानं माझी भुवई दाबून धरली.

"रगत थांबनं का?" बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं.

विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीतून वायर ओढून मी ग्राइंडर लावला. शाफ्टला धक्का लागू न देता कडीला तिरकी खाच पाडली. ठिणग्या भुशात पडत होत्या, त्या तो पाणी शिंपडून विझवत होता. मग खाचेत त्यानं छन्नी धरली, दोन बोटांत आणि तळव्यात दाबून. त्या हातावर घाव घालायचा म्हणून मी कचरलो.

"मार," तो म्हणाला.

एकाच घावात कडी बंदूक सुटावी तशी फुटली. फुललेलं टोक कानशीनं घासून लोणखेड्याहून आणलेलं नवं बेअरिंग बसवलं. थ्रेशर सुरू झालं तेव्हा तो बांधावर जाऊन उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून.

सगळा गहू मी काढला. माझ्या भुवईला टाके पडले. हंगाम सरल्यावर त्यानं थ्रेशर धानोऱ्याच्या एकाला विकलं. मला विचारलं नाही, आणि मलाही त्याचं वाईट वाटलं नाही.