पांढऱ्या पोटाचा बेडूक

आबांनी गळ टाकायचं सोडलं, त्याला वर्ष झालं होतं. सोडलं कसलं, सुटलं. उजवा हात थरथर कापायला लागला, आणि ज्या हाताने ते जिवंत बेडूक गळाला अलगद लावायचे त्याच हाताने एका सकाळी काटा स्वतःच्या अंगठ्यात रुतवून घेतला. आईने त्याच दिवशी गळ, दोरी, काठी सगळं माळ्यावर टाकलं. तेव्हापासून माझे वडील ओट्यावर बसून राहायला लागले, उजवा हात मांडीखाली दाबून. कुणी आलं की जास्तच दाबायचे. एवढा ताठ माणूस स्वतःचाच हात चोरीचा माल असल्यासारखा लपवतो, हे मला बघवत नव्हतं.

मी शिवणकाम करते, माहेरीच राहते, आणि आईच्या मते मी लहानपणापासून हट्टी आहे. तिचं खरं आहे. गावामागचा पाझर तलाव आटायच्या आत आबांना पुन्हा तिथे न्यायचं आणि मरळ मासळी त्यांच्याच हाताने काढायची, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

अडचण होती ती जिवंत बेडकाची. तो लावायला बोटं स्थिर हवीत. पण मोबाईलवर मी परदेशातली माणसं बघितली होती. ती बास नावाचा मासा खोट्या आमिषावर पकडतात, त्याला लूअर म्हणतात. आमच्या तळ्यात बास नाही, पण त्याची आणि मरळीची खोड एकच, पानांखाली दबा धरून बसायचं आणि वरून काही गेलं की झडप घालायची. खोटं आमिष एकदा बांधलं की झालं, पुन्हा पुन्हा काटा हाताळायला नको. मामेभावाचा धूळ खात पडलेला रॉड मी मागून आणला. उरलं फक्त लूअर.

तिथेच मी माती खाल्ली. एका चांगल्या लूअरच्या किमतीत तीस लूअरचा डबा मिळतोय म्हटल्यावर मी हुरळले. लाल, निळे, चमचमते मासे, पोटाखाली तीन-तीन काटे. पहिल्याच दुपारी चार लूअर पाणवनस्पतींत अडकून गेले, पाचव्याचा काटा ओढताना चक्क सरळ झाला. एक ना धड भाराभर चिंध्या! गिऱ्हाइकांना स्वस्त कापड घेऊ नका म्हणून शहाणपण शिकवणारी मी, आणि स्वतः हे करून बसले. आबांनी डब्यात डोकावून बघितलं आणि म्हणाले, "माशाला खेळनी आनली व्हय?"

मला राग आला, पण वर्षभरात पहिल्यांदा ते कशाची तरी टर उडवत होते. मी तो डबा फळीवर ठेवला आणि नव्याने अभ्यासाला बसले.

आता एकच घ्यायचं, पण आपल्या तळ्याला साजेल असं. तळ्यात पानं दाट, म्हणजे काटा उघडा नको. हात कापतो, म्हणजे काटा बोटात जायला नको. दोन्हींना उत्तर एकच होतं, रबरी बेडूक. पोकळ, मऊ, दोन काटे पाठीला चिकटून दडलेले. मासा चावला की रबर दबतं आणि मगच काटे बाहेर येतात. एका बेडकाला दोन ब्लाउजांची शिलाई जाणार होती. मी रंग बघत बसले. आबांना विचारलं तर त्यांनी तोंड फिरवलं. मग रस्त्याकडे बघतच बोलले.

"वरचा रंग कायबी घे. पोट पांढरं बघ. मासा खालनं बघतो."

मी पांढऱ्या पोटाचा मागवला.

पार्सल आलं शनिवारी. मी तेव्हा अस्तर आणायला बाजारात गेले होते. शनीचं शिंगणापूर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. शनिवारी लोखंड घरात घ्यायचं नाही, हा आमच्या घरचा नेम, आणि आई तो सुईपर्यंत पाळते. शनिवारी मशीनची सुई मोडली तर माझं काम रविवारपर्यंत बंद. तिने पार्सलवाल्याला विचारलं, आत काय हाय? त्याने भोळेपणाने सांगितलं, मासे धरायचे गळ. तिने त्याला उभ्या उभ्या परत पाठवलं.

मी घरी आले आणि जे कळलं त्याने माझं डोकंच फिरलं. तलावाचं पाणी रोज हातभर मागे सरकत होतं. पैसे परत आल्याशिवाय दुसरा बेडूक मागवता येणार नव्हता.

"आई," मी म्हटलं, "देव कोपंल का न्हाई ते मला ठावं न्हाई. पन आबा आसंच बसून राह्यले तर ते उठायचे न्हाईत."

आई तांदूळ निवडत राहिली. मी इतकं टोचून बोलायला नको होतं, पण बोलले ते खरंच होतं, म्हणून माफीही मागितली नाही.

पैसे आले, मी पुन्हा मागवला. आणि पार्सल पुन्हा शनिवारीच आलं! मी घरात पाय टाकते तर आई दारातच उभी.

"घरात न्हाई घेतलं," ती म्हणाली, आणि अंगणातल्या लिंबाकडे बोट दाखवलं. फांदीला पिशवी, पिशवीत पार्सल. "उद्या काढ."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. तो बेडूक रात्रभर लिंबाला टांगलेला होता आणि शनीच्या धाकाने आमच्या भागात त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

रविवारी सकाळी मी पार्सल ओट्यावरच फोडलं. बेडकाच्या मागे रबरी झिरमिळ्यांचे पाय होते. आबांनी निरखून बघितलं. "पाय लांब हायेत. काप." मी कात्री आणली. "आजून. आता बास." वडिलांनी माप सांगितलं आणि मी कापलं, याइतका आनंद मला कुठल्याच कपड्याने दिलेला नाही.

तळ्यावर आबा काठाला बसले, हात मांडीखालीच. आधी मीच टाकला. व्हिडिओत बघितलं तसा झटके देत ओढला. दहा वेळा, पंधरा वेळा. पानंसुद्धा हलली नाहीत. माझा धीर सुटत चालला होता.

"तुझं बेडूक मेल्यालं हाय," आबा म्हणाले. "आन हिकडं."

त्यांनी मांडीखालचा हात काढला. फेक वाकडी गेली, बेडूक भलतीकडेच पानांवर पडला, पण काटे दडलेले, म्हणून अडकला नाही. त्यांनी तो हळूच ओढून दोन पानांमधल्या मोकळ्या पाण्यात आणला आणि तिथेच थांबवला. त्यांचा हात कापत होता. हाताबरोबर रॉडचं टोक कापत होतं, टोकाबरोबर दोरी, आणि पाण्यावर तो रबराचा बेडूक जागच्या जागी थरथरत होता, अगदी भ्यालेल्या जिवंत बेडकासारखा. मला हे शिकून जमलं नसतं.

पाणी फुटलं. "ओढा!" मी ओरडले.

"थांब. गिळू दे."

ते थांबले. मग दोन्ही हातांनी रॉड मागे घेतला. मरळ काठाला आली. काटा मी पकडीने काढला, तेवढंच माझं काम.

घरी आई ओट्यावरच होती. घमेल्यातली मरळ बघून तिने माझ्याकडे पाहिलं. "कुनी काढली?"

मी तोंड उघडायच्या आत आबा पुढे झाले. उजवा हात तिच्या समोर धरला. तो कापत होता, नेहमीपेक्षा जास्तच.

"ह्यानं," ते म्हणाले.

मग ते आपल्या जागेवर बसले, आणि हात मांडीवर ठेवला.