आधी हवा, मग जाळी

मी ई-लर्निंगचे कोर्स लिहिते. म्हणजे कारखान्यातल्या, बँकेतल्या, हॉस्पिटलातल्या माणसांनी कंप्युटरवर नाहीतर मोबाइलवर करायचे धडे. धडा संपला, शेवटच्या प्रश्नांत पुरेसे गुण मिळाले, की त्या माणसाच्या नावापुढे हिरवा ठिपका उमटतो. हे ठिपके सांभाळणाऱ्या व्यवस्थेला एलएमएस म्हणतात. कोण कधी आला, किती वेळ बसला, कुठल्या प्रश्नावर अडखळला, सगळं तिच्या पोटात असतं. इतक्या चौकशा आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीतल्या बायकाही करत नाहीत, आणि त्या काही कमी नाहीत.

त्याआधी मी शाळेत विज्ञान शिकवत होते. शाळा सोडून या कामात आले तेव्हा कोर्स सीडीवर जायचे. मग मोबाइल आला, मग पाच-पाच मिनिटांचे तुकडे आले, मग बॅज आणि गुणतक्ते आले. घरदार असलेली मोठी माणसं पडद्यावरच्या पदकांसाठी धडपडतील अशी कुणाची तरी समजूत होती. दर दोन वर्षांनी आमच्या खराडीच्या ऑफिसात कुणीतरी उभं राहून सांगतं की आता शिक्षण कायमचं बदलणार. मी चहा घेत ऐकते. सध्या म्हणे पीडीएफ टाकली की यंत्र चार मिनिटांत कोर्स तयार करून देतं, आवाजासकट. तो आवाज इतका गोड असतो की ऐकताना आपण काहीतरी गुन्हा केलाय असं वाटत राहतं.

गेल्या वर्षी नगर रस्त्यावरच्या, वाघोलीच्या पुढच्या एका कारखान्याचं काम आमच्याकडे आलं. तिथे रबराचे छोटे भाग बनतात. त्यांचे सुरक्षिततेचे अकरा जुने कोर्स नव्या टूलमध्ये, म्हणजे कोर्स बनवायच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये, आणायचे होते, मोबाइलवर चालतील असे. मुदत एक महिना. मी ते आणले. तपासले का? तपासले, असं मी तेव्हा शपथेवर सांगितलं असतं.

त्यातला एक कोर्स हवेच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचा, म्हणजे साच्यात रबर दाबणाऱ्या यंत्राचा होता. साचा साफ करताना काय करायचं, एवढाच विषय. शेवटी एक प्रश्न होता. चार पाट्या ओढून योग्य क्रमाने चार चौकोनांत ठेवायच्या. मेन स्विच बंद करून आपलं कुलूप घालणे. उरलेली हवा सोडून दाबाचा काटा शून्यावर आलेला पाहणे. संरक्षक जाळी उघडणे. साचा साफ करणे. हा प्रश्न सुटल्याशिवाय कोर्स पूर्ण व्हायचा नाही. संधी तीन. तिसऱ्यांदा चुकलं की कोर्स बंद, आणि त्या माणसाचा प्रेसवर काम करण्याचा परवाना रद्द.

चार महिन्यांनी करार नव्याने करायची वेळ आली. गुरुवारी बैठक होती. त्यासाठी मी आकडे काढत होते, आणि पडदा कसा हिरवागार होता. दोनशेच्या वर माणसं, सगळी पास. मधोमध एकच लाल ठिपका. हा एक गृहस्थ दोनदा नापास झाला होता, दोन्ही वेळा त्याच चार पाट्यांच्या प्रश्नावर.

त्याच दुपारी कारखान्याच्या ट्रेनिंग अधिकाऱ्यांचा फोन आला. "मॅडम, त्यांचं काहीतरी करा बुवा. छप्पन्न वर्षांचे आहेत, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. सोमवारपर्यंत पास झाले नाहीत तर नियमाप्रमाणे त्यांना पॅकिंगला टाकावं लागेल. तीस वर्षं प्रेसवर काढलेला माणूस खोकी बांधत बसणार. आणि तिसरा चान्स घ्या म्हटलं तर घेत नाहीत."

माझे मॅनेजर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत, पण माणूस सरळ. ते म्हणाले, "ताई, ॲडमिन राइट्स आहेत ना आपल्याकडे? मॅन्युअली कम्प्लीट मारून टाका. सगळेच सुटतील."

खरं होतं. एक क्लिक. त्यांची नोकरीतली जागा वाचली असती, माझा पडदा हिरवा झाला असता. मी ते पान उघडलं, बाण त्या बटणावर नेलासुद्धा. आणि शेजारच्या रकान्यात वेळ दिसली. त्या एका प्रश्नावर हे गृहस्थ पहिल्यांदा चाळीस मिनिटं बसले होते, दुसऱ्यांदा त्याहून जास्त. बाकीच्यांना सरासरी सहा सेकंद लागले होते. ते सहा सेकंद मी बैठकीच्या सादरीकरणात 'सुबोध मांडणी' म्हणून घातलेही होते. पण शाळेत इतकी वर्षं काढल्यावर एक कळतं. ज्याला येत नाही तो पोरगा चाळीस मिनिटं पेपरकडे बघत बसत नाही. तो काहीतरी ठोकतो आणि मैदानावर पळतो.

मी बटण दाबलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप घेतला आणि कारखान्यात गेले.

ट्रेनिंगच्या खोलीत एकच कंप्युटर होता. ते गृहस्थ त्याच्यासमोर खुर्चीत ताठ बसले होते. खाकी शर्ट, खिशाला दोन पेनं, चेहऱ्यावर डॉक्टरकडे जबरदस्तीने आणलेल्या माणसाचा भाव. पडद्याच्या कडेला एक कागद चिकटवलेला होता आणि त्यावर कुणीतरी आकडे लिहिले होते. १, ३, २, ४.

"हे काय?" मी विचारलं.

"उत्तर," ते म्हणाले. "पयल्या दिवशी धा-बारा जण नापास झाले. शेवटाला पडद्यावर बरोबर उत्तर दिसतं. त्याचा फोटो काढला आन् लावला हितं. तवापास्नं समदे पास."

"मग तुम्ही का नाही लावलंत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा सहावीत गेले. "कोर्स झाला की खाली लिवून येतं, मला हे समजलं आन् मी असंच वागीन. त्याच्याखाली माजी सही. खोट्यावर सही न्हाय करनार. ह्यात म्हनत्यात आधी जाळी उघडा, मंग हवा सोडा. नळीत हवा ऱ्हायली की दट्ट्या कवाबी फुडं येतो. स्विच बंद असला तरी येतो. जाळी उघडून हात घातलेला आसंल तर गेला हात." मग म्हणाले, "ज्यानं हे बनवलंय त्याला एकदा हितं आना. त्याला म्हनावं, घाल हात."

मी म्हणाले, "मीच बनवलंय."

ट्रेनिंग अधिकाऱ्यांनी खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं शोधून काढलं.

मी लॅपटॉप उघडला. जुन्या कोर्समध्ये चार चौकोन दोन रांगांत होते. डावीकडे वर-खाली एक आणि दोन, उजवीकडे वर-खाली तीन आणि चार. नवं टूल मात्र चौकोन आडवे मोजत होतं. त्यामुळे दोनाच्या जागी तीन आणि तिनाच्या जागी दोन गेलं होतं. जाळी आधी, हवा नंतर. माझ्या नावाने, माझ्या हिरव्या ठिपक्यासह. अकरा कोर्स एका महिन्यात उरकताना मी पाट्या ओढून पाहिल्याच नव्हत्या. टूलने 'बरोबर उत्तर' असं दाखवलं आणि मी पुढे गेले. कारखान्याच्या अधिकाऱ्यांनी मेलवर नुसतं 'ओके' लिहिलं होतं.

चार महिने. दोनशेच्या वर माणसं. प्रत्येकाचे दोन हात. मी विचारलं, "कुणाला काही झालं का हो?"

"चला," ते म्हणाले.

त्यांनी मला शॉपमध्ये, प्रेस चालतात त्या शेडमध्ये, नेलं. तिसऱ्या प्रेसवर एक जण साचा साफ करायच्या तयारीत होता. हे गृहस्थ लांबच उभे राहिले आणि मलाही हाताने थांबवलं. त्या माणसाने मेन बंद केला, स्वतःचं कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, म्हणजे त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला प्रेस चालू करता येऊ नये. व्हॉल्व्ह फिरवला. हवा फुस्सकन गेली. काटा शून्यावर येईपर्यंत तो नाक खाजवत उभा राहिला. मग जाळी उघडली.

मी जवळ जाऊन त्याला विचारलं, "कोर्समध्ये तर जाळी आधी सांगितलीय ना?"

"ते कोर्समधी," तो म्हणाला. "हितं असं. ह्यांनी शिकवलंय, समद्यांना."

मी शेजारच्या लोखंडी स्टुलावर बसले. आयुष्यभर शिकवलं, पण मी शिकवलेलं कुणीच शिकलं नाही म्हणून इतकं हायसं मला कधी वाटलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही. सगळे हात जागेवर होते. माझा कोर्स निव्वळ टाकाऊ निघाला होता, देवाची कृपा.

मग मॅनेजरना फोन केला आणि जे घडलं ते सगळं सांगितलं. जुना कोर्स काढायचा, दुरुस्त केलेला चढवायचा, जुने निकाल रद्द करायचे, कारखान्याला लेखी कळवायचं. "म्हणजे बैठकीत पडदा पूर्ण करडा दिसेल," मी म्हणाले. "सगळ्यांना पुन्हा करावा लागेल."

पलीकडे त्यांनी ते सगळं लिहून घेतलं. मग, "काढा, ताई. गुरुवारी काय सांगायचं ते गुरुवारी बघू."

तासाभरात नवा कोर्स चढला. दोनशेच्या वर हिरवे ठिपके एकदम करडे झाले. ते गृहस्थ खुर्चीत बसले, चष्मा लावला, एकेक पाटी सावकाश ओढून चौकोनात ठेवली. यावेळी त्यांना दोन मिनिटं लागली. सबंध पडद्यावर एकच हिरवा ठिपका आला, आणि तो त्यांचा होता. ट्रेनिंग अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे परवान्याच्या कागदावर सही केली. त्या गृहस्थांनी घडी घालून तो खिशात ठेवला आणि पेनं नीट केली. एवढंच. पण श्वास सोडलेला मी ऐकला.

"आता तुमी," ते मला म्हणाले. "पडद्यावर न्हाय. चला."

पाळी संपत आली होती, तिसरा प्रेस मोकळा होता. त्यांनी मला ट्रेनिंगच्या कपाटातलं एक कुलूप दिलं. मेन बंद. कुलूप. व्हॉल्व्ह जड होता, दोन हातांनी फिरवावा लागला. काटा खाली येताना मी त्याच्याकडे असं बघत होते जसं कुणी दहावीच्या निकालाकडे बघतं. शून्य. जाळी. त्यांनी मान हलवली. बरोबर म्हणाले नाहीत, चूकही म्हणाले नाहीत. मी आभार मानले, अधिकाऱ्यांनी गडबडीने गेटपर्यंत सोडलं, मी रिक्षात बसले.

खराडी बायपासला सिग्नलला असताना फोन आला. ट्रेनिंग अधिकारी होते, पण लगेच फोन त्या प्रेसवरच्या गृहस्थांच्या हातात गेला.

"म्याडम, किल्ली तुमच्यापाशी हाय."

मी पर्स चाचपली. होती.

"अहो, मग दुसरी किल्ली असेल ना? नाहीतर कापून टाका कुलूप."

"कुलूप तुमचं हाय. तुमीच उघडायचं. तवर प्रेस बंद."

मी रिक्षा वळवली. नगर रस्त्याच्या त्या गर्दीत परत पोहोचायला पाऊण तास लागला. पाळी कधीच संपली होती. दुसऱ्या पाळीचा माणूस बाकावर बसून होता, आणि हे प्रेसच्या शेजारी उभे होते, डबा काखेत, घरी निघायच्या तयारीत. एवढा वेळ त्यांनी कुणालाही त्या कुलपाला हात लावू दिला नव्हता. मी किल्ली काढली, कुलूप उघडलं, त्यांच्या हातात दिलं.

"तुमची बस गेली असेल ना माझ्यामुळे?" मी विचारलं. मला फार ओशाळल्यासारखं झालं होतं.

"गेली," ते म्हणाले. प्रेसवरची धूळ त्यांनी हाताने पुसली. "जाऊ द्या. उद्या परत हितंच यायचंय."