मथुरावहिनी आणि मळ्याचं पाणी

मथुरावहिनी गेली तेव्हा मी अंगणात मोगऱ्याच्या कळ्या खुडत होते. तिची सून कुंपणापलीकडून म्हणाली, "काकी, आई गेल्या." मी हातातल्या कळ्या टोपलीत टाकल्या, राहिलेली झाडं खुडून घेतली आणि मग गेले. कळ्या उमलायच्या थांबत नाहीत, आणि वहिनीला आता कसली घाई नव्हती. त्याला महिना-दीड महिना झाला. तेराव्याला सगळे तिच्याबद्दल चांगलं बोलले. शिस्तीची होती, जुनं वळण सांभाळून होती, तिच्यामुळे घर एक राहिलं. मी वाढत होते, म्हणून गप्प बसले. पेपरच्या पुरवणीत गेलेल्या माणसांवर लिहून येतं ते मी वाचते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण हे लिहायला तेवढं पुरतं.

ती माझी मोठी जाऊ. मी लग्न होऊन वसईला आले तेव्हा तिला दोन मुलं होती आणि पदराला किल्ल्या. पानवेलीच्या मळ्यातलं काम मला तिनेच शिकवलं. पान कसं खुडायचं, मोठं-लहान कसं निवडायचं, पानांच्या कवळ्या, म्हणजे जुड्या, बांधून केळीच्या पानात कशा ठेवायच्या. हात चुकला की हातावर मारायची. माझी शैला झाली तेव्हा मात्र महिनाभर डिंकाचे लाडू आणि मेथीची पेज तिनेच केली, हेही खरं आहे. खोटं मी लिहिणार नाही. ती लिहायला शिकली असती तर तिने माझ्याबद्दल एवढं खरं लिहिलं असतं का, मला शंका आहे.

तिचं सगळं बोलणं जुन्या काळाचं. आमच्या सासूबाईंनी त्यांच्या सासूकडून ऐकलेलं, म्हणजे शंभर वर्षांच्याही आधीचं. मळ्यातली विहीर पणजसासऱ्यांनी आणि त्यांच्या भावांनी स्वतः खणली. चार भाऊ, चार बायका, एक चूल. बायका पहाटे भात कांडायच्या, पुरुष रेडा जुंपून रहाट फिरवायचे, पानांच्या टोपल्या डोक्यावरून बंदरावर जायच्या. बाई बाहेरची असली की पडवीत निजायची आणि चार दिवस मळ्याकडे फिरकायची नाही, कारण विटाळाने वेल करपते म्हणायचे. ही रीत वहिनीला पाठ होती. पण सासूबाई आणखी एक सांगायच्या. दसरा झाला की पणजसासरे रहाटाच्या पहिल्या गाडग्यातलं पाणी ओंजळीत घेऊन चाखायचे, गोड लागलं तरच वेलींना सोडायचे. समुद्र जवळ आहे, जमिनीखाली खारं पाणी कधी सरकेल सांगता येत नाही, हे त्या माणसाला माहीत होतं. पुढे रहाट गेला, मोटर बसली, आणि बटण दाबणारा कशाला पाणी चाखतोय... चाखायची रीत गेली, बायकांना बाहेर ठेवायची तेवढी राहिली.

नव्वदनंतर नालासोपारा, विरार पूर्वेला इमारतींवर इमारती झाल्या आणि पाणी कुठेच नव्हतं. वहिनीच्या प्रकाशने टँकर घेतला. आधी एक, मग दुसरा. भरायचे आमच्या मळ्यातल्या विहिरीवर. विहीर दोघा भावांची, पण मोठ्या भावाला, भावजींना, विचारणार कोण. मी एकदा म्हटलं, "वहिनी, दिवसभर मोटर चालू आहे. विहिरीला काही सुमार?"

"झरा हाय तो, धाकटे," ती म्हणाली. "तू काय पानी मोजायला बसलीस? पोरगं कमावतंय तर बघवत नाय."

दोन-तीन वर्षांत वेलींच्या पानांच्या कडा तांबूस पडू लागल्या. मग पानं गळू लागली. खत घातलं, माती बदलली, देवाला नारळ दिला. त्याच सुमारास शैलाचं लग्न शेजारच्या गावात ठरत आलं होतं. त्यांचाही पानमळा. मुलगा चांगला होता, शैलाला आवडला होता. एका दुपारी वहिनीच्या ओटीवर पापड लाटायला वाडीतल्या सगळ्या बायका बसल्या होत्या. कुणीतरी मळ्याचा विषय काढला. वहिनी लाटणं न थांबवता म्हणाली, "मळ्याला काय झालंय ते मला ठाऊक हाय. तरन्या पोरी बाहेरच्या असल्या तरी मळ्यात शिरतात. शैलाला मी बघितलंय."

शैला माझ्या शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "काकी, मी गेले नव्हते."

"चोर कधी सांगतो का, मी चोर म्हनून?" वहिनी म्हणाली, आणि दोघी-तिघी हसल्या.

शैला उठून घरी गेली. मी पापड टाकून तिच्यामागे गेले. घरी आमचे हे म्हणाले, मोठी आहे, जाऊ दे. शैला मळ्यात गेली असेल-नसेल, मी तिला कधी विचारलं नाही. आठवड्याच्या आत तिकडून निरोप आला. आमचा मळा आहे, आम्हाला जपून राहावं लागतं, मुलीसाठी दुसरीकडे बघा. त्यानंतर वाडीत शैला विहिरीकडे निघाली तरी बायका एकमेकींकडे बघायच्या. शेवटी तिचं लग्न नालासोपाऱ्यात तुळिंजला, साताऱ्याकडच्या माणसाशी केलं. जावई भला आहे. पण पाठवणीच्या वेळी ती मला म्हणाली, "आई, मी आता इकडे येणार नाही. तूच येत जा." आणि ती खरंच आली नाही.

मीच जायची. एकदा तिच्याकडे गेले तर कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या चालल्या होत्या आणि डाळ टणक. "टँकरचं पाणी असंच आहे," ती म्हणाली. मी पेल्यात घेऊन प्यायले. खारट, मचूळ. खाली टँकर उभा होता. वाकून पाहिलं तर प्रकाशचा. आम्ही पिण्याचं पाणी घराजवळच्या लहान विहिरीतून घेतो, मळ्यातलं पाणी कुणीच तोंडात घेत नाही. मी त्याच दिवशी घरी येऊन, एरवी अनवाणी जायच्या मळ्यात चपलांसकट गेले, मोटरच्या धारेखाली ओंजळ धरली. तीच चव. वर्षानुवर्षं उपसा करून प्रकाशच्या टँकरांनी गोडं पाणी संपवलं होतं आणि समुद्र आत घेतला होता. वेली मिठाने मेल्या होत्या. आणि माझी मुलगी ते मीठ तुळिंजमध्ये बसून पीत होती.

मी भांडले नाही. भांडून वहिनी कधी हरली नव्हती. संक्रांतीला मी हळदीकुंकू ठेवलं आणि पापडाच्या दिवशी होत्या त्या सगळ्या बायकांना बोलावलं. मोठी म्हणून पहिलं कुंकू वहिनीला. तिच्यापुरता चहा वेगळा केला, मळ्याच्या पाण्याचा. दूध फाटेल म्हणून कोराच, गवती चहा घालून. तिने घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"साखर कमी पडली का, वहिनी?" मी विचारलं.

"नाय. बरा झालाय."

"मळ्यातल्या विहिरीचं पाणी आहे. म्हटलं, मळ्याला काय झालंय ते तुम्हाला ठाऊक आहेच, आता चाखूनही बघा. बोला सगळ्यांसमोर. शैलाचं नाव तुम्हीच घेतलं होतं, तुम्हीच सोडवा."

ती म्हणाली, "बरा झालाय म्हटलं ना," आणि कप रिकामा करून बशीत पालथा घातला. पण त्या बायकांनी तिचं तोंड पाहिलं होतं.

पुढच्या संक्रांतीलाही मी तोच चहा दिला. त्याच्या पुढच्याही. न येऊन तिला चाललं नसतं, मोठेपण गेलं असतं. विहीर आणखी खारट होत गेली, प्रकाशने टँकर विकले, मळा उजाड झाला, पण ती येऊन तो चहा पिऊन जायची. भावजी गेल्यावर तिचं हळदीकुंकवाला येणं बंद झालं, तेव्हा मी चहा तिच्या घरी नेऊ लागले. तिची सून म्हणायची, "काकी, आता सोडा ना. म्हाताऱ्या झाल्या त्या." मी म्हणायची, मीही म्हातारीच आहे.

शेवटची भेट दिवाळीनंतरची. ती अंथरुणाला खिळलेली. मला बघून म्हणाली, "आनलास का?" मी चमच्याने पाजला. दोन चमचे प्यायली, मग तोंड मिटलं. मी चमचा खाली ठेवला तशी म्हणाली, "शैलाला किती पोरं?"

"दोन. तिच्याबद्दल जे बोलायचं आहे ते बोला, मग सांगते सगळं."

तिने डोळे माझ्यावर ठेवले. ओठ हलल्यासारखे वाटले... मग तिने भिंतीकडे कूस केली. तिला बोलता येत नव्हतं असं नाही. तिला बोलायचं नव्हतं. मी उरलेला चहा मोरीत ओतला आणि घरी आले.

म्हणून तिने जे बोलायचं होतं ते मी इथे लिहिते. आमचा पानमळा शैलामुळे गेला नाही. कुठल्याच बाईमुळे गेला नाही. तो मथुरावहिनीच्या घराने पाण्याबरोबर टँकरमध्ये भरून दिला, आणि हे तिला माहीत होतं.

मागच्या रविवारी शैला आली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. पाणी प्यायली, पदर खोचला आणि म्हणाली, "आई, आज मी बाहेरची आहे. मळा बघून येते." मी म्हटलं, "जा." मळ्याची वाट वहिनीच्या खोलीच्या खिडकीखालून जाते. कोण जातंय ते बघायला वहिनी आयुष्यभर त्या खिडकीत बसायची. शैला निघेपर्यंत मी त्या खोलीत गेले आणि वहिनीच्या सुनेबरोबर खोली आवरू लागले. शैला दिसताच सून खिडकी लावायला उठली. मी तिचा हात धरला.

"उघडी राहू दे," मी म्हटलं. "बघू दे वहिनीला."