दाविदने खोटं मागे घेतलं

दाविदच्या बायकोचा, सुनीतावहिनींचा फोन आला तेव्हा मी एचएसआर लेआउटमधल्या भाजीवाल्यासमोर उभा होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. सकाळची दहाची वेळ. भाजीवाला कन्नडमधून विचारत होता, अजून काय देऊ... आणि माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. सुटलो, असं आलं. सहा आठवडे होत आले, ते 'सुटलो' अजून गिळता येत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

दाविद सोनवणे मूळचा नगरकडचा, मी नागपूरचा. होसकोट्याच्या एका कारखान्यात आम्ही एकाच महिन्यात रुजू झालो. तो सुरक्षा अधिकारी, मी उत्पादनात. त्या गोंगाटात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. डबा एकत्र, बसमध्ये शेजारी. तो ख्रिस्ती घरातला, जेवणाआधी क्षणभर डोळे मिटायचा. मी तोवर त्याची चटणी पळवायचो.

प्रेस मशीनच्या तोंडाशी जाळी असते. ती असली की हात आत जाऊ शकत नाही, पण काम सावकाश होतं. वरून हुकूम आला, जाळ्या काढा. आम्ही काढल्या. आठवड्याभरात मंजुनाथ नावाचा कामगार मशीनमध्ये ओढला गेला आणि आमच्या डोळ्यांदेखत मेला. दाविदने अहवाल लिहिला : जाळी मंजुनाथनेच काढली होती, तोंडाला दारूचा वास येत होता. खाली साक्षीदार म्हणून मी सही केली. दोन्ही गोष्टी खोट्या. लिहा म्हणून वरून सांगितलं होतं हे खरं, पण लिहिणारे हात आमचे होते.

अकरा वर्षं आम्ही यावर एक अक्षर बोललो नाही. दाविद मात्र आतून खंगत चालला होता. महिन्यातून एकदा त्यांच्या चर्चमध्ये मराठी उपासना व्हायची. प्रभुभोजनाची भाकर हातात आली की मनात पाप लपवून ती खाऊ नये म्हणून हा ती तशीच पुढे द्यायचा, असं वहिनींनी मला नंतर सांगितलं. मग एका रविवारी तो सरळ माझ्या घरी आला.

"मी सगळं खरं सांगणार आहे," तो म्हणाला.

मी हबकलो. "तुमचा देव क्षमा करतो ना? मग माग त्याच्याकडे आणि मोकळा हो. हे उकरतोस कशाला?"

"क्षमा मिळालीय रे. म्हणून तर जायचं बळ आलंय. इतकी वर्षं वाटायचं, खरं बाहेर आलं तर आपलं काहीच उरणार नाही. प्रभूने मला या पापासकट धरलंय हे कळलं, आणि आता मी धरून बसलोय ते फक्त हे खोटं. तेही सोडायचंय." मग म्हणाला, "तुझं नाव मी आपणहून घेणार नाही. पण कुणी विचारलं, तर खोटंही बोलणार नाही."

मंजुनाथच्या बायकोकडे, गिरिजाकडे, मीच त्याला गाडीतून नेलं. आत मात्र गेलो नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. दाविद तिच्यासमोर जमिनीवर बसला. "अक्का, तुझा नवरा प्यायलेला नव्हता. मी खोटं लिहिलं," त्याने मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सांगितलं. तिने भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझ्या मुलीला शाळेत कुडुकाची पोर म्हणायचे, दारुड्याची. मी रोज त्याच्या शेजारी निजत होते, कधी वास आला नाही. तरी मी तुमच्या कागदावर विश्वास ठेवला. त्याच्या फोटोला अकरा वर्षांत एक हार घातला नाही." दाविदने हात जोडले. "सरी, ठीक आहे, आता जा," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. तिने क्षमा केली नाही, नंतरही कधी नाही. परतताना दाविद गाडीत हमसून हमसून रडला.

पुढे त्याने सरकारी कचेरीत लेखी जबाब दिला. नोकरी गेली, खटला उभा राहिला, त्यात आरोपी म्हणून त्याचंही नाव आलं. मारतहळ्ळीत राहणारा मुलगा "बाबा, आमचा तरी विचार करायचा होता" म्हणाला आणि येईनासा झाला. प्रत्येक तारखेला मी कोर्टात मागच्या बाकावर बसून माझं नाव निघतंय का ते ऐकत राहायचो. दुसऱ्या सहीबद्दल कुणी विचारलंच नाही... आणि निकाल लागायच्या आत दाविदचं हृदय थांबलं. पुरताना मुलगा आला होता. मूठभर माती टाकून तो लगेच निघून गेला.

परवा मी त्याच सरकारी कचेरीत गेलो. माझा जबाब घेऊन. कारकून म्हणाला, "स्वल्प थांबा," आणि मी बाकावर बसलो. दाविदची एक सवय सांगायची राहिली. कोर्टात पुकारा व्हायच्या आधी तो चष्मा काढून खिशात ठेवायचा आणि दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवून बसायचा, कुणी हातात काही देणार असल्यासारखा. मला प्रार्थना येत नाही. पण मी चष्मा काढला, तळवे उताणे ठेवले. काही वेळाने आतून माझं नाव घेतलं गेलं. समोरचं सगळं धूसर दिसत होतं. मी तसाच उठलो.