पेटीत न जाणारी भेट

खरेदी म्हटलं की माझ्या अंगात येतं. आजही येतं. गुलमंडीवर नुसती एक पिशवी आणायला गेले तरी चार दुकानं पालथी घातल्याशिवाय माझा पाय निघत नाही. आमच्या घरात कुणाचं बारसं असो, मुंज असो, कुणी नोकरीला लागलेलं असो, वस्तू निवडायचं काम माझ्याकडं. "हिला धाडा. दुकानदाराचा जीव खाईल, पण चीज आणील," असं वडील म्हणायचे, आणि मी कॉलर ताठ केल्यासारखी चप्पल घालून निघायची.

वस्तू दिसायला छान असली म्हणजे झालं, हे मला कधी पटलंच नाही. ती हातात घ्यायची, उलटी करायची, उघडून-मिटून बघायची. पाळण्यातल्या लेकराला खुळखुळा घ्यायचा तर तो त्या एवढ्याशा मुठीत मावला पाहिजे. शाळेतल्या पोरीला डबा घ्यायचा तर वरण सांडायला नको, आणि झाकणही तिचं तिला उघडता आलं पाहिजे. म्हाताऱ्या आत्याला काठी घेतली तेव्हा तर मी ती टेकवत टेकवत भर बाजारात दुकानासमोर फेऱ्या मारल्या होत्या. धाकटी बहीण सोबत होती, ती लाजून पलीकडच्या दुकानात जाऊन उभी राहिली. मला काय त्याचं? आत्या ती काठी घेऊन वेरूळची लेणी बघून आली, आणखी काय पाहिजे!

एका माणसापुढं मात्र माझी सगळी हुशारी पाण्यात जायची. ती म्हणजे आमची आई.

आईकडं एक पत्र्याची पेटी होती. घरात आलेली प्रत्येक बरी वस्तू त्या पेटीत जायची आणि तिथून कुणाच्या तरी घरी. माणसं लई, वडिलांचा पगार एकट्याचा, आणि लग्न-बारशाला रिकाम्या हातानं जायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून पेटी. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात कारकून म्हणून लागले आणि आईसाठी वस्तू आणायला सुरुवात केली. थर्मास आणला, तो मामाच्या सुनेला गेला. हातात नीट बसणारी स्टीलची किटली आणली, ती कुणाच्या तरी वास्तुशांतीला गेली. एका वर्षी हिमरूची शाल आणली, मऊसूत, डाळिंबी रंगाची, तिला काय दिसली असती! आणि जालन्याला एका लग्नात बघते तर ती शाल वरमाईच्या खांद्यावर. तळपायाची आग मस्तकात गेली माझी. घरी येऊन आईला म्हटलं, "मी तुझ्यासाठी आणली होती ना? गावासाठी आणली होती का?"

"अगं, तिला किती शोभायली होती," आई म्हणाली. "आणि मला कुठं जायचंय शाल पांघरून?"

बोलून बोलून माझंच तोंड दुखलं.

पुढं सिडकोत आमचं घर झालं. आम्ही राहायला आलो आणि वास्तुशांत दिवाळीनंतर सवडीनं करायचं ठरलं. नव्या घरात काय थाट होता म्हणता! स्वयंपाकघरात काळ्याभोर कडप्प्याचा ओटा, खिडकी, खिडकीतून वारा. वडील आल्यागेल्याला आधी ओटाच दाखवायचे. पण भाजी चिरायची वेळ आली की आई खाली फरशीवर वर्तमानपत्र पसरायची आणि आपली जुनी विळी घेऊन बसायची. ती विळी पोलीस ॲक्शनच्या आधीची, आजीच्या हातची. पाट मधोमध चिरलेला, पातं झिजून दोरीएवढं झालेलं. आणि आईचे गुडघे तर त्या पाटाच्याही पुढं गेलेले. उठताना एक हात ओट्याला, एक जमिनीला, आणि तोंडानं "आई आई गं." मला ते ऐकवायचं नाही. मी ठरवूनच टाकलं: या घरात एक तरी वस्तू आईची असणार. तिची स्वतःची, रोज वापरायची, आणि त्या मेल्या पेटीत न जाणारी.

वास्तुशांतीच्या मानपानाची खरेदी माझ्याकडंच होती. बहिणीला घेतलं आणि शहागंज गाठलं. काय दिवस होता तो! मावशीसाठी काठापदराची साडी घेतली, ती नेसल्यावर चुरगळत नाही हे मी पदर मुठीत दाबून दोनदा बघितलं. भाच्यांसाठी पितळी कडीच्या रंगीत कंपासपेट्या. आत्यासाठी औषधाच्या गोळ्या ठेवायची कप्प्याकप्प्यांची डबी. पिशव्या भरत गेल्या तशी मी आणखीच चेकाळले. बहीण म्हणाली, "आता पुरे, हात तुटले." मी म्हटलं, "आईचं राहिलंय," आणि घड्याळाच्या मनोऱ्यामागं एका भांड्याच्या दुकानात शिरले.

तिथं ती होती. विळीच, पण अशी विळी मी जन्मात बघितली नव्हती. पाट नाहीच. शेवयाच्या यंत्राला असतो तसा खाली स्क्रू, ओट्याच्या कडेला आवळला की संपलं, उभ्यानं चिरा नाहीतर स्टुलावर बसून चिरा. पातं रुंद, स्वच्छ, पुढं खोबरं खोवायचे दाते. काम झालं की पातं मिटायचं आणि त्यावर एक कडी बसायची, लेकराबाळांच्या घरात कसली भीती नाही. मी ती उघडली, मिटली, परत उघडली. छातीत धडधडायला लागलं, खोटं कशाला सांगू.

मी आईच्या गुडघ्यांचं सांगितलं तसे दुकानदार चाचा काउंटरच्या कडेला ती बसवून दाखवायला लागले. "देखो बाजी, हिलाके देखो. हिलती क्या? नै हिलती! अम्मा के घुटनों को आराम होताय."

बहिणीनं माझा दंड धरला. "तुला वेड लागलंय का? विळी कुणी भेट देतं का? धार दिली की नातं तुटतं म्हणते आई. साधी विळी ती हातात देत नाही कुणाच्या, खाली ठेवते, मग आपण उचलायची. हे कुणाला देता येत नाही!"

मी तिच्याकडं बघत राहिले. मग मी दुकानातच हसत टाळी वाजवली.

"क्या हुआ बाजी, कायकू हसरे?" चाचांनी विचारलं.

"चाचा, बांधा!" मी म्हटलं. "देता येत नाही म्हणूनच पाहिजे!" आई ही विळी कुणालाच देऊ शकणार नाही. ना वरमाईला, ना मामाच्या सुनेला. पेटीत जाईल कशी? मी रिक्षात बसून घरापर्यंत एकटीच हसत होते. बहीण म्हणाली, "तुझं काय खरं नाही."

तिसऱ्या प्रहरी घरी पोचलो. आईला हाताला धरून ओट्याशी आणलं, डोळे मिटायला लावले, विळी आवळून बसवली आणि म्हटलं, "बघ."

आईनं डोळे उघडले. काय तिचं तोंड फुललं! पातं उघडलं, बोटानं धार चाचपली, स्क्रू हलवून बघितला, पातं मिटून कडी लावली. अगदी माझ्यासारखी. "बाई बाई, काय काय काढायलेत लोक," म्हणाली. मग टोपलीतली काकडी घेतली, पात्यापाशी नेली आणि थांबली.

"कुणी दिली ही?"

"मी! आणखी कोण?"

आईनं काकडी खाली ठेवली आणि हात पदराला पुसले. "मला नको."

"का?"

"लेकीच्या हातची धार घेऊ का मी? एवढं साधं कळत नाय तुला? तू जाशील उद्या तुझ्या घरी. आपल्यात काय तुटलंबिटलं तर?"

घ्या! कुणाला देता येत नाही हे मी लक्षात घेतलं होतं, पण देणाऱ्यांत मीही आले, हे डोक्यातच आलं नाही. मी भडकले. म्हटलं, आई, हे सगळं खुळचटपणाचं आहे, लोखंडाच्या पात्यानं नाती तुटत असती तर आपलं घर कधीच मोडलं असतं. आईनं वर्तमानपत्र पसरलं, जुनी विळी घेतली, आणि "आई आई गं" करत खाली बसली. मला रडू फुटलं, रागानं.

त्यानंतर नवी विळी तशीच ओट्याला चिकटून राहिली. आईनं ती काढूनही ठेवली नाही आणि वापरलीही नाही. मी तिच्याशी कामापुरतं बोलायची. पण एक गंमत माझ्या लक्षात यायला लागली. रोज कारखान्यातून आले की विळी पुसलेली असायची. एकदा तर ती मूळ जागेवरून सरकून खिडकीजवळ गेलेली दिसली, जिथं उजेड चांगला पडतो तिथं. वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, "मला काय माहीत? मी ओट्याकडं जातो का?"

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी मी दारात तोरण लावत होते. आई आली आणि समोर उभी राहिली.

"काय घेशील गं त्या विळीचं?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? आमच्या चितेगावाकडं लोहाराकडून विळी आणायचो तर फुकट आणायचो व्हय? भेट घेता येत नाय. विकत घेता येती. बोल, किती?"

मी स्टुलावरून खाली उतरले. पोटातून हसू फुटत होतं, पण दाबलं. तोंड अगदी दुकानदाराचं करून म्हटलं, "एक रुपया."

"रुपया? स्क्रू बघ कसा करकरायलाय. चार आणे."

"चार आण्याला परवडत नाही बाई."

"मग ठेव तुझ्यापाशी. मी काय अडलेय?" असं म्हणून आई खरंच वळली आणि दोन पावलं गेली! दुकानदाराला मी छळते, असं सगळं घर म्हणतं. ते माझ्यात कुठून आलं, ते त्या दिवशी कळलं. शेवटी आठ आण्यांवर सौदा पटला. आईनं पदराची गाठ सोडली, नाणं काढून माझ्या तळहातावर ठेवलं आणि तडक स्वयंपाकघरात गेली. मागोमाग काकडीचा वास आला. कच्, कच्, कच्. ती उभी होती, खिडकीतून वारा येत होता, आणि "आई आई गं" कुठंच नव्हतं. मला इतका आनंद झाला की तोरण उलटं लागलं, ते वडिलांनी नंतर सरळ केलं.

वास्तुशांतीच्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मावशी स्वयंपाकघरात आली आणि कोशिंबिरीची काकडी चिरणाऱ्या आईपाशी थांबली. मावशीचे गुडघेही आईसारखेच. तिनं विळी बघितली, स्क्रू बघितला, कडी लावून बघितली.

"अगंबाई, काय झकास आहे! मला दे की ही. भेट नको गं, मी पैसे टाकते हातावर. तू काय, दुसरी आणशील."

आईला मागितलं आणि तिनं दिलं नाही, असं आमच्या घरात कधी घडलं नव्हतं. मागायचीसुद्धा गरज नसायची. आणि पैसे घेऊन द्यायची वाट तर तिनंच उघडून ठेवली होती. मी आणि बहीण, दोघी जागच्या जागी थांबलो. आईचा हात पात्यावर थांबला.

"नाय," आई म्हणाली.

मावशीनं कडीवरचा हात काढला.

"पेटीतलं काय पाहिजे ते ने. आख्खी पेटी ने," आई म्हणाली. "ही नाय. ही माझी हाय. मी घेतलीय."

मावशीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "खरंच घेतली मावशी. आठ आण्याला. लई घासाघीस केली तिनं."

"आठ आणे जास्तच झाले," आई म्हणाली आणि पुढची काकडी घेतली. "स्क्रू करकरतोय."