समासातली रेघ

विद्यापीठात त्यांना सगळे पेन्सिल सर म्हणत, अर्थात पाठीमागे. शाई म्हणजे हुकूम आणि पेन्सिल म्हणजे सूचना, असं त्यांचं मत. पंचवीस वर्षांत त्यांनी कुणाच्या प्रबंधावर शाईचा ठिपका पडू दिला नव्हता. चुकलेल्या शब्दाभोवती गोल, शंका आली तर प्रश्नचिन्ह, आणि एखादा परिच्छेद मनापासून आवडला की समासात उभी रेघ. तोंडाने कौतुक करायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटे. रेघ ओढली, म्हणजे आपण पाठ थोपटली, असं ते धरून चालत.

यंदा ते निवृत्त व्हायचे होते आणि हाताखाली एकच विद्यार्थिनी उरली होती. चाळिशीची, शाळेत शिकवणारी, म्हणून विभागात तिचं नाव मास्तरीणबाई. घरी बसून शिवणकाम करणाऱ्या साठ बायकांना भेटून ती त्यांच्यावर प्रबंध लिहीत होती. सुरुवात केली तेव्हा मुलगी पहिलीत होती, आता आठवीत. नवरा विचारायचा, घरात आधी डॉक्टर कोण होणार, तू की पोरगी? शेवटची मुदतवाढ संपायला चार दिवस होते. त्यानंतर नोंदणीच रद्द.

सर जेवणाच्या टेबलावर शेवटचा मसुदा वाचत होते आणि पानागणिक त्यांचं मन खचत चाललं होतं. कोष्टकं चोख, तळटीपा चोख, आणि मध्ये जिवंत माणूस औषधालासुद्धा नाही. पहिल्या वर्षी याच बाईने आणलेल्या पानांत त्या साठ जणी अशा बोलत होत्या की वाचताना चहा गार व्हायचा. मग वर्षागणिक पाणी आटत गेलं. ते त्यांना दिसलं नव्हतं असं नाही. नोकरी, संसार, दमली असेल बिचारी, म्हणून त्यांनी सोडून दिलं होतं.

सगळ्यात शेवटी त्यांनी ऋणनिर्देश वाचला. 'काय गाळावं हे मला सरांच्या पेन्सिलीने शिकवलं. समासात जिथे जिथे रेघ आली, तो मजकूर मी जिवावर आलं तरी काढून टाकला.'

दोनदा वाचून त्यांनी ते पान बायकोपुढे सरकवलं. ती भाजी निवडत होती. हात पुसून तिनेही वाचलं.

"माझ्या सामानाच्या यादीवर पण तुम्ही अशाच रेघा ओढायचात," ती म्हणाली. "लग्नानंतर आठ दिवसांत मी विचारलं होतं, अहो, हे आणायचंय की आणलंय? हिने नाही विचारलं?"

सरांना एक जुना विद्यार्थी आठवला, प्रबंध मध्येच सोडून गेलेला. त्याच्या पहिल्या प्रकरणाचा समास रेघांनी भरून गेला होता. तितका हुशार त्यांना पुन्हा मिळाला नाही. पानं घेऊन सुट्टीला गेला, तो परत आलाच नाही.

दुपारी मास्तरीणबाई सहीसाठी विभागात आली. सरांची कपाटं निम्मी रिकामी झाली होती, खुर्चीवरही पुस्तकांचे गठ्ठे. एक गठ्ठा मांडीवर घेऊनच ती बसली. सरांनी रेघेचा खरा अर्थ काही न लपवता सांगितला. मग विचारलं, जुनं काही शिल्लक आहे का? नव्हतं. संगणकावर ती त्याच फाइलवर पुढे लिहीत गेली होती. मुलाखती उतरवून झाल्यावर ध्वनिमुद्रण पुसायचं, असा शब्द बायकांना दिलेला. रेघा ओढलेली पानं आणि मुलाखतींच्या वह्या घर बदलताना रद्दीत गेल्या होत्या.

"म्हणजे ते चांगलं होतं?" तिने विचारलं.

"सगळ्यात चांगलं तेच होतं."

ती बराच वेळ मांडीवरच्या पुस्तकांच्या कडा सारख्या करत राहिली. "मला वाटायचं, मला जे आवडतं तेच नेमकं तुम्हाला खटकतं," ती म्हणाली. "मग मी मला आवडेल असं लिहायचंच सोडलं, सर."

आणखी मुदत मागून पाहतो, असं ते म्हणाले. ती नको म्हणाली. आता घरी कुठल्या तोंडाने सांगू, आणि लिहू तरी काय.

"मला एक वाक्य आठवतंय," सर म्हणाले. "सुई हरवली की सगळं घर शोधतं, मी हरवले तर जेवायच्या वेळेला कळेल. एवढं तरी घाला."

"हे कुठली बाई म्हणाली?"

सरांना माहीत नव्हतं. तिने डोळे मिटले. ओठांवर एकेका बाईचा क्रमांक हलला, साठपर्यंत जाऊन थांबला. तिलाही आठवेना. ज्याच्यापुढे बाईचा क्रमांक नाही ते अवतरण प्रबंधात घ्यायचं नाही, हा नियम पहिल्या वर्षी सरांनीच तिला घालून दिला होता.

"मग नाही घालता येणार, सर," ती वर्गात सांगावं तसं म्हणाली आणि सहीचं पान पुढे केलं.

सरांनी खिसा चाचपला. पेन्सिलच निघाली. तिने पर्स उघडून आपलं पेन त्यांच्यापुढे धरलं.