दामोजीची ताटली

साखरखेर्ड्याला बाजाराच्या दिवशी उन्हं कलली, भाजीवाल्यांनी उरलीसुरली वांगी ढिगानं द्यायला काढली, की गोजरबाई पंचायतीच्या ओट्यावर सुतळीच्या दोन बाजा उभ्या करायची आणि मध्ये जुनं हिरवं लुगडं ताणायची. लुगडं दिसलं की माणसं पिशव्या सावरत तिकडे वळायची. दामोजीचा खेळ लागला.

दामोजी म्हणजे वीतभर उंचीचा चिंध्यांचा बाहुला, म्हशीच्या शेपटीच्या केसांची मिशी लावलेला. त्याची बायको सरजी, म्हातारी आई, आठ वर्षांची चिमी आणि बुगडी नावाची म्हैस. एवढं घर गोजरबाईनं गोधड्या शिवताना उरलेल्या तुकड्यांतून उभं केलं होतं. बारा वर्षांपूर्वी तिच्या बेबीला गोवर निघाला, तेव्हा पोरीला अंथरुणात पडून राहायला लावायचं म्हणून. बेबी बरी झाली, मोठी झाली, लग्न होऊन मोताळ्याला गेली. चिमी मात्र अजून आठच वर्षांची होती आणि दर बाजाराला नवी खोडी काढत होती. यात कोणालाच काही वावगं वाटत नसे. मधल्या काळात महाराष्ट्र झाला, जिल्हा परिषद आली, पंचायतीत रेडिओ बसला. रेडिओ आला तेव्हा काहींना वाटलं, आता दामोजीचा बाजार उठला. पण लुगडं ताणलं की लोकच म्हणायचे, "तो डबा बंद करा बे, दामोजी काय म्हनते ते ऐकू द्या."

खेळ दोघांचा होता. सरजी, म्हातारी आणि चिमी गोजरबाईकडे. दामोजी आणि म्हैस तिच्या नवऱ्याकडे, कडूबाकडे. कडूबाची चार एकर जमीन होती. भजनात तो ढोलकी वाजवायचा, आणि एरवी दिवसाकाठी वीस शब्द बोलला तरी पुष्कळ झालं. पण दामोजी हातात चढला की हाच माणूस असा काही बोलायचा, की भाजी घ्यायला आलेली बाई भाजी विसरून घरी जायची.

तालीम वगैरे काही नसे. बाजाराच्या दिवशी सकाळी चुलीपुढे बसून गोजरबाई म्हणायची, "आज म्हैस हरवू." कडूबा म्हणायचा, "हं." पुढचं सगळं लुगड्यामागे सुचेल तसं. तिनं एक टाकलं की त्यानं उचलायचं, त्यानं टाकलं की तिनं. बारा वर्षांत कोणी कोणाचं वाक्य खाली पडू दिलं नव्हतं.

अलीकडे मात्र म्हैस फार वेळा हरवून झाली होती. पारावरचा हॉटेलवाला दयाराम तोंडावर बोलला होता, "वहिनी, पयलेसारखी मजा नाही राह्यली. म्हैस हरवते, अन् सापडते गोठ्याच्या मांगं. आता तं म्हशीलेबी पाठ झालं." गोजरबाईला ते लागलं होतं.

त्या बाजाराच्या सकाळी ती चौथ्या दिवशीचं न्हाऊन घरात आली. आधीचे तीन दिवस ती रिवाजाप्रमाणे पडवीत बाहेर बसलेली. फळीवर काठाची पितळी ताटली होती, घाईनं पुसलेली, आणि काठाला वाळलेलं पीठ चिकटलेलं. गोजरबाई ताटलीकडे बघत उभी राहिली.

गोष्ट अशी होती, की घरात दुसरी बाई नव्हती, आणि बेबीही आता सासरी. ती बाहेर बसली की कडूबा दार लावून घ्यायचा आणि भाकरी करायचा. त्याच्या हाताला भाकरी गोल काही जमत नसे, तिला कान फुटायचे. मग तो परातीतल्या भाकरीवर ताटली पालथी दाबायचा आणि बाहेर राहिलेलं पीठ खरवडून गोठ्यातल्या खऱ्या म्हशीपुढे टाकायचा. पडवीत गोजरबाईपुढे भाकरी यायची ती नव्या नाण्यासारखी गोल. ती मुकाट्यानं खायची. बावीस वर्षांत या ताटलीबद्दल ती बोलली नव्हती, तोही बोलला नव्हता.

तिला हसू आलं. हसता हसताच ती म्हणाली, "आज दामोजीले भाकर करू द्या."

"हं," कडूबा म्हणाला. त्याला वाटलं, भाकर जाळायची असेल.

दुपारी ओट्यापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. लुगड्यावर सरजी आली आणि पाठ करून कोपऱ्यात बसली. म्हातारी लेकीच्या गावाला गेलेली, चिमी मामाकडे. पुढच्या ओळीतल्या बायकांना क्षणात उमगलं आणि पदर तोंडाकडे गेले. ही गोष्ट चारचौघांत कोणी काढत नसे.

"दार लावून घेतो," दामोजी म्हणाला. "वारा लय सुटला."

"वारा कुठं हाय?"

"तुले काय समजते? तू बाहेर बसली, वारा आत आला."

भाकरी थापली गेली. ती बुलढाण्याच्या नकाशासारखी झाली. दामोजी तिच्याभोवती फिरला, कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. लोक हसत होते. मग कोपऱ्यातून, पाठ न वळवता, सरजी हळूच म्हणाली, "धनी, ती ताटली घ्या ना. गोल होते."

लुगड्यामागे कडूबाचा हात हवेतच थांबला. त्यानं बायकोकडे पाहिलं. गोजरबाईनं डब्याचं पत्र्याचं झाकण आणलं होतं, ते तिनं पुढे केलं. लोक थांबलेले. वाक्य तसंच लोंबकळत होतं.

"तुले कोनं सांगतलं?" दामोजी म्हणाला. आवाज दामोजीचा होता, प्रश्न कडूबाचा.

"तीन दिवस गोल भाकर खाते. मले समजत नाही का?"

"हळू बोल. शेजारी ऐकतीन."

दोनशे शेजारी ऐकत होते. बायका अशा हसल्या की एकीच्या मांडीवरचं पोर दचकून रडायला लागलं. पुरुषांचं हसू मात्र अर्ध्यात थांबलं. दोघाचौघांना एकदम आपले बैल आठवले आणि ते खेळ संपायच्या आत उठून गेले.

कडूबानं दामोजी खाली ठेवला. बाजा उचलायला न थांबता तो घरी निघून गेला. संध्याकाळी गोजरबाई एकटीच लुगडं खांद्यावर टाकून आली, तेव्हा तो दाराशी बसला होता.

"आता माह्याच्यानं होनार नाही," तो म्हणाला. "दामोजी तूच कर."

"काऊन? लोक हसले की."

"माह्याकडं पाहून हसले. घरातलं घरात राहू द्याचं असते."

तो अर्धं खरं बोलत होता, हे गोजरबाईला ठाऊक होतं. दामोजीची मिशी सरळ करून तिनं त्याला फळीवर ठेवलं, ताटलीच्या शेजारी. मग ते बरं दिसेना म्हणून पुन्हा उचलून पेटीत ठेवलं. तिला चिंता एकच होती. दामोजीचा आवाज दुसऱ्या कोणाच्या गळ्यात नव्हता. तो गेला तर खेळ गेला.

गावात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. चक्कीवर दळणाच्या रांगेत तानाबाई सांगत होती. तानाबाई म्हातारी, पण एकही खेळ चुकवला नव्हता तिनं. "बारा सालात असा खेळ झाला नाही. आता डोळे मिटले तरी चालते."

"पन शेवट कुठं झाला, माय?" दुसरी म्हणाली. "भाकर भाजली का जळली, काहीच समजलं नाही. मले तं त्या रात्री झोप नाही."

दयारामच्या हॉटेलात वेगळंच चाललं होतं. "बारा साल हा मानूस चुलीकडं फिरकला नाही," दयाराम कपबशा विसळत म्हणाला. "पान्याचा गिलास हातानं घेतला नाही त्यानं. अन् एकदम भाकर थापते? हा दामोजी नव्हेच. अन् म्हशीले तं कामच दिलं नाही." शाळेच्या मास्तरांचं म्हणणं, मुलांसमोर असले विषय नकोत. मुलांचं म्हणणं, चिमी का आली नाही.

तिसऱ्या दिवशी पंजाबराव घरी आले. पंचायतीचे सभासद, अंगात कोट, सहसा कोणाच्या दारात न उभे राहणारे. कडूबा आत ज्वारीच्या कणगीमागे काहीतरी शोधत होता, तो तिथेच राहिला.

"वहिनी, एक विचारतो. शालूनं तुमाले सांगतलं का?" शालूबाई त्यांची बायको.

"काय भाऊ?"

"ताटलीचं." पंजाबरावांनी मागे वळून रस्ता पाहिला. "माय होती तवर प्रश्न नव्हता. माय गेली, आता घरात दोघंच. मानसानं करावं काय?"

"शालूबाई काहीच नाही बोलली, भाऊ."

"मंग आमची ताटली तुमाले कशी समजली? काठाची नक्षीबी तुमी दाखवली."

"ते डालड्याच्या डब्याचं झाकन व्हतं."

पंजाबरावांना ते पटलं नाही. "ठीक आहे," ते म्हणाले. "पन सभासदाच्या घरचं बाजारात आनू नका," आणि कोटाची गुंडी लावून निघून गेले. कणगीमागे खसखस झाली आणि थांबली.

दुसऱ्या दिवशी दयाराम आला. "वहिनी, मी हॉटेलात चारचौघांत भजे तळतो, ते वेगळं. ते धंद्याचं. पन घरचं कोनं सांगतलं तुमाले? अन् सांगतलं तं बराबर सांगावं. मी ताटली नाही घेत. मी भाताच्या गंजाचं झाकन घेतो."

"तुमी तं म्हनत होते, दामोजी असं करनारच नाही."

"ते हॉटेलात म्हनावं लागते, वहिनी."

पुन्हा कणगीमागे आवाज झाला, या वेळी उंदराचा वाटावा असा. त्यानंतर दोन दिवसांनी देऊळगाव राजाचा बांगडीवाला, बाजारासाठी एक दिवस आधी आलेला, पेटी खाली न ठेवताच विचारता झाला, "बाई, आमच्या घरची गोष्ट इथपर्यंत आली कशी? आमच्या गावातबी कोनाले माहीत नाही."

तो गेल्यावर कडूबा बाहेर आला. धोतराला ज्वारीचा भुसा लागलेला. गोजरबाई गोधडीला टाके घालत होती. एवढ्या संसारात ती हे शिकली होती, की या माणसाला हलवायचं नसतं, तो आपोआप हलतो. ती एवढंच म्हणाली, "उद्या बाजार हाय."

कडूबा "हं" देखील म्हणाला नाही. सकाळी ती उठली तेव्हा तो वावरात गेला होता.

त्या दिवशी ओट्यापुढे मागच्यापेक्षा जास्त माणसं होती. भाकर भाजली का जळली, हे विचारत बायका उन्हं कलायच्या आधीच येऊन बसल्या. पंजाबराव पुढे खुर्ची टाकून बसले होते, लक्ष ठेवायला. गोजरबाईनं एकटीनं बाजा उभ्या केल्या, लुगडं ताणलं, एका हातात सरजी घेतली, दुसऱ्यात दामोजी, आणि घसा खाली नेऊन बोलली, "सरजे, भूक लागली."

मग तानाबाईचा आवाज आला, "हा दामोजी नव्हे गं, माय. याले पडसं झालं."

तिनं पुन्हा एक वाक्य टाकलं. ते उचलायला कोणी नव्हतं, मग तिनंच उचललं. मागची दोन माणसं उठली. एकानं रेडिओचं विचारलं. तिच्या मनात आलं, हे लुगडं आता काढावं, उद्या एखाद्या गोधडीच्या अस्तराला लावावं, आणि दामोजीला बेबीकडे मोताळ्याला पाठवून द्यावं.

तेवढ्यात मागून लुगडं उचललं गेलं आणि कडूबा उकिडवा आत शिरला. अंगाला वावराचा वास, काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. त्यानं नुसता हात पुढे केला. गोजरबाईनं दामोजी त्याच्या हातात चढवला.

मग लुगड्याच्या वर ताटली आली. पत्र्याचं झाकण नाही, घरची काठाची पितळी ताटली, घासून लखलखीत केलेली. तिच्या मागून दामोजीनं डोकं काढलं.

"मंडळी," तो म्हणाला, आणि आवाज ऐकताच तानाबाईनं मान डोलावली. "आमच्या घरी ही ताटली सापडली. आठ दिवस झाले, लोक येऊन सांगून राह्यले, आमची हाय, आमची हाय. एवढ्या मानसांची ताटली मी घरात कशी ठेवू? ज्याची असंन त्यानं उठून घेऊन जावं."

बायकांनी माना वळवल्या आणि आपापल्या नवऱ्यांकडे पाहिलं. पुरुषांनी पायाखालच्या मातीकडे पाहिलं. बांगडीवाला पेटी आवरायला लागला. दामोजी ताटली धरून उभाच राहिला, त्याला काही घाई नव्हती.

पंजाबरावांनी कोटाची गुंडी काढली. "राहू दे तुह्याचपाशी," ते म्हणाले. "आमची घरी हाय."

पहिलं हसू शालूबाईंचं होतं. मग कोणाचं कोणतं ते कळेनासं झालं. दयाराम मागून म्हणत होता, "अन् मी तं गंजाचं झाकन घेतो," पण ते कोणी ऐकलं नाही.

"धनी," सरजी कोपऱ्यातून म्हणाली, "भाकर थंडी होऊन राह्यली."

"करतो. आता दार उघडंच राहू दे. वारा येऊ दे."

दामोजीनं ताटली दाबली, भाकर गोल केली, आणि राहिलेलं पीठ खरवडून बाजूला केलं. मग दुसऱ्या बाजूनं बुगडी म्हैस आली आणि तिनं ते पीठ खाल्लं, कानाकोपरा चाटून, कडूबाच्या गळ्यातून चावण्याचा असा आवाज काढत, की चिमी आली नाही हे मुलंसुद्धा विसरली.

भाकर भाजली गेली. थोडी करपली.

खेळ संपल्यावर माणसं पांगली. चक्कीकडे जाताना तानाबाई म्हणाली, मागचा खेळच चांगला होता, हा जरा लांबला. दयारामचं मत उलटं पडलं. "आता बराबर झालं," तो गिऱ्हाइकाला सांगत होता. "म्हशीले काम दिलं."

ओट्यावर कडूबानं दोन्ही बाजा खांद्यावर घेतल्या. गोजरबाईनं ताटली टॉवेलात गुंडाळली.

"पुढच्या बाजाराले काय?" त्यानं विचारलं. हे तो कधी विचारत नसे.

"म्हैस हरवू," ती म्हणाली.

"हं."